सत्याची मक्तेदारी

जेवणाचे ताट पुढ्यात आले की तोंडाला पाणी सुटते. मात्र घास घशाखाली उतरल्यावर त्याचे काय होते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. पोटाची तक्रार सुरू होईपर्यंत तरी नाहीच! जठरातील आंबट झालेले अन्न लहान आतड्यात उतरू लागले की स्वादुपिंड आपला पाचक रस सोडू लागते. अन्न आल्याची ही वर्दी स्वादुपिंडाला कोण देते? प्रश्न साधा आहे. परंतु त्याच्या उत्तराचा इतिहास मानवी स्वभावावरही बराच प्रकाश टाकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या क्षेत्रात रशियातील इव्हान पाव्हलॉव्ह यांचा शब्द प्रमाण मानला जाई. सेंट पीटर्सबर्ग येथील त्यांच्या प्रयोगशाळेत पचनाचा अभ्यास वर्षानुवर्षे चालला होता. पचनाचा सारा कारभार मज्जातंतूंच्या हुकमतीखाली चालतो, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्याला प्रयोगांचा भक्कम आधारही होता.

१६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी या मताची परीक्षा घेतली. गुंगीचे औषध दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक भाग त्यांनी वेगळा केला. त्याचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि त्यात सौम्य आम्ल सोडले. तार तुटली होती, तरी निरोप पोहोचला. स्वादुपिंडातून रस वाहू लागला! मग त्यांनी आतड्याचे आतील अस्तर खरवडून आम्लात घोटले आणि तो अर्क गाळून रक्तात टोचला. पुन्हा तोच परिणाम दिसला. निरोप रक्ताच्या वाटेने जात होता. या निरोप्याला त्यांनी ‘सिक्रिटिन’ हे नाव दिले. अशा सर्व रासायनिक दूतांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ साली ग्रीक भाषेच्या आधारे ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. चेतविणारे, प्रेरणा देणारे, असा त्याचा अर्थ. मराठीतील ‘संप्रेरक’ हा शब्दही तेच सांगतो.

ही वार्ता रशियात पोहोचली तेव्हा पाव्हलॉव्ह यांनी काय करावे? त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग पुन्हा करविला. निष्पत्ती डोळ्यांनी पाहिल्यावर ते मुकाट्याने आपल्या खोलीत गेले. काही वेळाने बाहेर येऊन त्यांनी इंग्रजांचे म्हणणे खरे असल्याचे मान्य केले. सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्यांनी घेतलेला नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे त्यांचे शिष्य बाबकिन यांनी लिहून ठेवले आहे. १९०४ साली पाव्हलॉव्ह यांना पचनक्रियेवरील कार्यासाठीच नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतूंचे कार्य खोटे ठरले नव्हते. मज्जातंतू आणि संप्रेरके दोन्ही मिळून हा संसार चालवितात, असे पुढे सिद्ध झाले.

जॉन एडकिन्स या इंग्रज संशोधकाच्या वाट्याला मात्र वेगळे दैव आले. जठराच्या खालच्या टोकाकडील अस्तरात आम्लस्राव वाढविणारे संप्रेरक आहे, असे त्यांनी १९०५ साली मांडले आणि त्याला ‘गॅस्ट्रिन’ म्हटले. पुढे हिस्टामिन हे सर्वत्र आढळणारे द्रव्यही आम्लस्राव वाढविते असे दिसून आले. तेव्हा एडकिन्स यांना भासलेले गॅस्ट्रिन म्हणजे हिस्टामिनच होय, असा समज बळावला. १९४० साली एडकिन्स निवर्तले. अखेर १९६४ साली लिव्हरपूल येथे रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे केले. एडकिन्स यांचे म्हणणे खरे ठरले होते. ते ऐकायला ते स्वतः उरले नव्हते.

आज मधुमेहावरील काही नव्या औषधांचे मूळ आतड्यातील एका संप्रेरकातच सापडते. इतका हा वृक्ष विस्तारला आहे. पण आम्हांला या इतिहासात अधिक मोलाचे वाटते ते पाव्हलॉव्ह यांचे खोलीबाहेर येणे. कीर्तीच्या शिखरावरील माणसाला मौन पाळता आले असते, शिष्यांकरवी वाद घालता आला असता. आपल्या घरांत आणि मंडळांतही पुष्कळदा प्रश्न ‘खरे काय’ हा राहत नाही, ‘कोणाचे खरे’ हाच होऊन बसतो. अशा वेळी कोणा एडकिन्सला आपण हयातभर ताटकळत ठेवलेले नाही ना, हे वाचकहो, आपण वेळीच पाहिलेले बरे.