घोडेवाल्याच्या गाडीतला पसारा

घोडा पाळणाऱ्याची गाडी, मग ती टांगा असो, जीप असो की मोटार, निम्मी घोड्याची असते. मागच्या सीटवर खोगीर आडवे पडलेले, पायाशी कोंड्याचे अर्धे पोते, दाराच्या खणात खरारा आणि नालेचे चार खिळे, आणि सीटच्या प्रत्येक फटीत गवताच्या काड्या. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि पुढे महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर हा पसारा पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करत आला आहे. आधी तो घोड्याच्या पाठीवर होता, मग टांग्याच्या बैठकीखाली गेला, आता मोटारीच्या डिकीत असतो. त्याला गबाळेपणा म्हणणे सोपे आहे. पण तो कशामुळे साठतो हे पाहिले की त्या शब्दाची जागा चुकते.

त्याचे मूळ घोड्याच्या पोटात आहे. बैल रवंथ करणारा प्राणी आहे. रात्री गोठ्यात कडबा खाऊन घेतला की त्याच्या मोठ्या पोटात तो साठतो आणि बैल उभ्या-बसल्या तो चघळत राहतो. म्हणून बैलगाडीवाल्याला वाटेत फारसे काही लागत नाही. मुक्कामाला एक पेंढी सोडली की झाले. घोड्याचे जठर मात्र त्याच्या अंगाच्या मानाने अगदी लहान, 8 ते 15 लिटरचे. त्याला थोडे थोडे आणि वारंवार खायला लागते. एकदम पोटभर दाणा दिला तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नसल्यामुळे तो जिवावर बेतू शकतो. बुरसटलेला दाणा किंवा कुजका चारा बैल एखाद वेळी पचवील, घोडा पचवणार नाही. पाणीही त्याला दिवसाला 25 ते 45 लिटर लागते. तेव्हा घोडा जिथे जाईल तिथे त्याची चंदी (रोजचा दाणा), वैरण, बादली आणि झूल मागोमाग जाणारच. बैलाचा संसार गोठ्यात राहतो, घोड्याचा त्याच्याबरोबर चालतो.

वाईला घोड्यांची गर्दी नवी नाही. कृष्णाकाठचे हे गाव मावळ आणि देश यांच्या सांध्यावर आहे. मागे सह्याद्री, पुढे गवताळ माळ आणि बारमाही पाणी. 1659 साली अफझलखानाने प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी तळ दिला तो वाईतच. एवढे घोडदळ पोसण्याइतके गवत आणि पाणी तिथे होते. खान पडल्यावर त्याच्या छावणीतले हत्ती, उंट आणि हजारो घोडी शिवाजी महाराजांच्या हाती आली. पुढे पेशवाईत वाई रास्त्यांची झाली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधले. असे सरदार घराणे म्हणजे पागा, आणि पागा म्हणजे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), नालबंद, गवताच्या गंजी आणि लिदीचे ढीग. आज घाटावर देवळांच्या पायऱ्या शांत दिसतात, पण त्या काळी नदीवर घोडी पाण्याला आणणाऱ्यांची वर्दळ असे, हे विसरून वाईचे चित्र पुरे होत नाही.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई. पसारा खरा शिलेदाराचा. त्याच्या मागे सरकारी कोठी नव्हती, म्हणून जे लागेल ते त्याने खोगिरामागे बांधायचे: खुर्जीत हरभरे, वर घोंगडी, बाजूला तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी), अगाडी-पिछाडीचे दोर आणि मेखा. खोगीर लोकर, चिंध्या, काथ्या, जे हाताला येईल त्याने भरलेले असे. त्यावरूनच 'खोगीरभरती' हा शब्द आला, आणि आज तो नको असलेल्या मजकुराला किंवा कामापुरत्या गोळा केलेल्या माणसांना लावला जातो. शब्दाचा अर्थ उतरला हे खरे, पण ती भरती नसती तर दिवसभराच्या मजलीत घोड्याची पाठ सोलून निघाली असती. घोड्याच्या पाठीला जखम झाली की स्वार पायी, आणि पायी शिलेदाराला पगार कसला?

या पसाऱ्याचे भय राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. चिपळूणच्या बाजूला पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, हा त्यातला भाग बहुतेकांना माहीत असतो. पण त्या पत्राचा मोठा भाग दाणा-वैरणीबद्दल आहे. साठा आताच उधळला तर पावसात घोडी उपाशी मरतील. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, आणि दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि सगळे गवत पेटेल, अशी एकेक शक्यता त्यात मोजून सांगितली आहे. उंदराचे ते वाक्य तबेल्यात वावरलेल्या माणसालाच सुचेल. घोडा, दाणा, उंदीर आणि आग ही चौकडी तेव्हाही एकत्र नांदत होती, आणि आजही तबेल्याला आग लागली की सुरुवात बहुधा सुक्या गवतापासूनच होते.

वाईच्या घोडेवाल्याचे दिवस बदलले ते महाबळेश्वरमुळे. 1829 साली कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचे खंडाळा दिले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तिथे माल्कम पेठ वसली. 1860 च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणीला वस्ती आणि बागा उभ्या केल्या. उन्हाळ्यात मुंबईचे सरकारच डोंगरावर येई आणि जूनमध्ये पाऊस लागला की उतरे. ही सगळी माणसे, त्यांच्या पेट्या आणि त्यांची डाक वर नेणारे जनावर म्हणजे घोडा किंवा बैल. पुण्याहून येणारा रस्ता खंबाटकीचा घाट उतरून सुरूरला वळे आणि वाईत येई. 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे गेली, तेव्हा वाठार हे महाबळेश्वरचे स्टेशन झाले. वाठारहून महाबळेश्वर सुमारे 40 मैल, आणि वाई निम्म्या वाटेवर.

या रस्त्यावर धावे तो टांगा दोन चाकांचा. पुढे हाकणारा आणि एक उतारू, त्यांच्या पाठीला पाठ लावून मागे दोघे. वर कापडी किंवा लाकडी छत. डाकेच्या टांग्याला दोन तट्टे जुंपत आणि दांडीवर बैलाच्या जुवासारखे आडवे लोखंड घोड्यांच्या पाठीवरून जाई. काही मैलांवर टप्पा असे. तिथे घामेजलेली तट्टे सुटत, ताजी जुंपली जात आणि टांगा पुढे निघे. वाई सुमारे 700 मीटरवर, पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. मधला पसरणीचा घाट म्हणजे जनावराची परीक्षा.

डाकेचा टांगा आतून बऱ्यापैकी रिकामा असायचा. त्याचे कारण हाकणाऱ्याची शिस्त नव्हे. त्याचा पसारा टप्प्याटप्प्यावरच्या पडव्यांत विखुरलेला होता. दाणा तिथे, पाणी तिथे, मोतद्दार तिथे. भाड्याचा एका घोड्याचा टांगा मात्र सगळे बरोबर घेऊन चाले. वाईच्या बाजारातून उतारू मिळाला तर पाचगणी, नाहीतर मेणवली, नाहीतर आणखी कुठे. रात्र कुठे पडेल याचा भरवसा नाही. तो टांगा म्हणजे एक घोडा आणि एक माणूस यांचे फिरते घर होते.

त्या टांग्याच्या बैठकीची फळी उचलली की खाली खोल खण दिसे. त्यात एका कोपऱ्यात हरभऱ्याची पिशवी, तिच्यावर चामड्याचा किंवा जाड कापडाचा तोबरा. तोबऱ्याच्या तळाशी लाळेने ओला झालेला भरडा नेहमी चिकटलेला असे आणि दोन दिवसांत त्याला आंबूस वास सुटे. जाणता टांगेवाला तो उलटा करून छताच्या दांडीला टांगी. म्हणून टांग्याच्या बाहेर तोबरा, बादली आणि कंदील लोंबताना दिसत. खणाच्या दुसऱ्या बाजूला वंगणाचा डबा, चिंध्या, दाभण, मेणलावल्या दोऱ्याची गुंडी आणि तुटलेल्या साजाचे पट्टे. पट्टे टाकून देत नसत. लगाम तुटला तर तोच पट्टा कामी येई. खालच्या बाजूला, दोन चाकांच्या मध्ये, आसाला बांधलेल्या गोणपाटाच्या झोळीत गवत. उतारूच्या पायाखाली उरलेली पेंढी अंथरलेली असे. थंडीत ती पायांना ऊब देई, आणि मुक्कामाला घोडा तीच खाई. शहरी उतारूच्या धोतराला काड्या चिकटत आणि तो कुरकुरे. पण बैठकीखाली चंदी नसलेल्या टांग्यात बसून घाट चढायचा धीर त्यालाही झाला नसता.

या पसाऱ्याला आतून एक नियम होता, आणि तो कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. कोरडे आणि ओले वेगळे. दाणा नेहमी वर, वंगण आणि साज खाली. झूल घामाने भिजली की आधी चाकावर वाळवायची, मग घडी. ज्याने हा नियम मोडला त्याचा दाणा बुरसटे आणि घोडा पोट धरून लोळे. नीटनेटकेपणा आणि स्वच्छता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे घोडेवाल्याइतके नेमके थोड्यांनाच कळते. गाडी विस्कटलेली चालेल, तोबरा घाण चालणार नाही.

तोबरा आणि बादली स्वतःची असण्याला आणखी एक कारण होते: शेंबा, म्हणजे ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव, कातडीखाली गाठी. एका घोड्याचा दुसऱ्याला, आणि क्वचित माणसालाही होणारा हा रोग. सामाईक हौद आणि उसना तोबरा ही त्याची सरळ वाट. 1899 मध्ये सरकारने या रोगासाठी स्वतंत्र कायदा केला. रोगी घोडा मारून टाकण्याचा अधिकार त्यात होता. पशुवैद्यकाचे शिक्षण 1886 पासून मुंबईच्या महाविद्यालयात मिळू लागले होते, पण खेड्यातल्या टांगेवाल्यापर्यंत जे पोचले ते एवढेच की आपली बादली आपल्याबरोबर. गाडीत आणखी एक नग वाढला. भाड्याच्या गाड्यांना परवान्याची सक्ती त्याआधी, 1861 च्या कायद्याने आली होती. गाडीत किती उतारू आणि किती सामान हे सरकारने ठरवले, पण घोड्याच्या चंदीचे ओझे कुठे धरायचे हे मालकालाच जमवावे लागे.

पहिल्या महायुद्धानंतर घाटात मोटारी दिसू लागल्या. त्यांना दर काही मैलांवर टप्पा नको होता. डाकेचे टांगे आधी गेले, कारण त्यांचा सगळा डोलारा टप्प्यांवर उभा होता. एक टप्पा बंद पडला की पुढचे निरुपयोगी. भाड्याचे टांगे बरेच अधिक टिकले, ते त्यांच्या पसाऱ्याच्या जोरावर. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी. सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी जाणारा माणूस एस.टी.ने जाऊ लागला. वाईसारख्या ठिकाणी टांगा स्टँडपासून घरापर्यंत उरला, मग रिक्षा आली. वाई तालुक्यात बैलाचा मान अजून आहे, बावधनच्या यात्रेतले बगाड बैलच ओढतात. घोड्याला मात्र खाली गावात काम उरले नाही. तो डोंगरावर गेला.

आता घोडे दिसतात ते पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी, पर्यटकांना फेरी मारताना. धंद्याची रीत तीच: हंगामात चार पैसे, पावसाळ्यात घरचे खाणे. वरच्या पठारावर वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे कोरडी वैरण राखणे हे सर्वांत कठीण काम. कडबा, कोंडा आणि हरभरा खालून, वाईच्या बाजारातून वर न्यावा लागतो, आणि तो नेणारी गाडी म्हणजे घोडेवाल्याची जुनी जीप किंवा पिकअप. टांग्याच्या बैठकीखालचा खण गेला, त्याच्या जागी मागचा हौदा आला. नवा घोडा घ्यायला दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार गाठायचा तोही याच गाडीने, आणि घोडा चढवायचा तोही तिच्याच हौद्यात, खाली गवत अंथरून.

एका तट्टाला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. तीन घोड्यांची आठवड्याची वैरण म्हणजे सव्वाशे किलोंच्या पुढे. एवढे ओझे आठवड्यातून एकदा गाडीत चढले-उतरले तर काड्या राहणारच. बुटाला लागलेली लीद पायदानावर येते. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून घोडेवाल्याने लस घेतलेली बरी. ओल्या झुलीतला अमोनियाचा वास सीटच्या कापडात मुरतो. फटीत सांडलेल्या हरभऱ्याला पहिल्या पावसात कोंब फुटतात. पण त्या गाडीतही नीट पाहिले तर कोंड्याचे पोते सीटवर, कोरडे, साज खाली, आणि बादली बाहेर, मागच्या दाराला टांगलेली असते.