एकशे सतराव्या क्रमांकाचा माणूस

सप्टेंबर १९९७. तुम्ही ताश्कंदच्या टेनिस स्टेडियममध्ये बसला आहात आणि ऊन काही उतरायला तयार नाही. ताश्कंद म्हटलं की आपल्या माणसाला जानेवारी १९६६ आठवतो, शास्त्रीजी आठवतात. ते शहर आता शोधू नका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या भूकंपात जुन्या ताश्कंदचा मोठा भाग कोसळला आणि रुंद रस्त्यांचं, चिनारांच्या सावलीचं नवं शहर उभं राहिलं. सोव्हिएत संघ फुटून उझबेकिस्तान स्वतंत्र झाला त्यालाही आता सहा वर्षं झाली आहेत. राष्ट्राध्यक्ष इस्लाम करीमोव यांना टेनिसचं वेड आहे, त्यामुळे सरकारी पैसा कोर्टांवर सढळ हाताने खर्च होतो, आणि त्यातूनच पुरुषांची एटीपी स्पर्धा या शहरात आली आहे. समोर इंग्लंडचा टिम हेनमन करंडक उचलतोय. पुढच्या वर्षीही तोच उचलेल. २००० आणि २००१ मध्ये रशियाचा मरात साफिन.

कोर्ट इथलं, टाळ्या इथल्या, विजेते मात्र बाहेरचे. याच शहरात अकरा वर्षांचा डेनिस इस्तोमिन राहतो. त्याचा जन्म रशियातल्या ओरेनबर्गचा, पण तान्हा असतानाच घरचे इकडे आले. आई क्लावदिया टेनिसची प्रशिक्षक. मुलाच्या हातात रॅकेट आली ती तिच्यामुळेच.

आता चार वर्षं पुढे या, २००१ मध्ये. हॉस्पिटलच्या खोलीत पाऊल हलकं टाका. पलंगावरचा मुलगा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा आहे. रशियातली एक फ्युचर्स स्पर्धा खेळायला निघाला होता. फ्युचर्स म्हणजे व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी, जिथे पहिलावहिला गुण मिळवण्यासाठी पोरं गावोगाव फिरतात. वाटेत गाडीला अपघात झाला. पाय मोडला, डोक्याला मार लागला, ऐंशी टाके पडले. तो इथे तीन महिने राहणार आहे. टेनिसचं काय, हा प्रश्न डॉक्टरांसमोर काढण्यात अर्थ नाही. त्यांना पोरगं धड चालायला लागलं तरी पुष्कळ आहे.

इथून पुढची दोन वर्षं त्याने रॅकेट हातात धरली नाही. खेळाडूच्या चरित्रात हे एका ओळीत उरकतात, म्हणून तुम्हाला इथे जरा थांबवून ठेवतो. टेनिसमध्ये चौदा ते सोळा ही वर्षं फार मोलाची असतात. उंची वाढते, तशी सर्व्हिस नव्याने बसवावी लागते. ज्युनियर स्पर्धांतून नाव होतं, पैसा लावणारे, बोलावणारे भेटतात. डेनिसपेक्षा तीनच महिन्यांनी मोठा असलेला राफाएल नदाल २००३ मध्ये विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीपर्यंत गेला होता. त्याच सुमाराला डेनिस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता, आणि जाळीपलीकडून त्याला चेंडू देत होती त्याची आई. तो खेळेल असं तिला वाटत होतं. माझ्या मते या कारकिर्दीचा खरा निकाल इथेच लागला. पुढे जे जे मिळालं ते सगळं या हट्टातून आलं. आईनेही नंतर मुलाला कुण्या मोठ्या नावाच्या हवाली केलं नाही. पुरुष खेळाडूला त्याच्या आईने वर्षानुवर्षं शिकवणं ही व्यावसायिक टेनिसमध्ये क्वचित दिसणारी गोष्ट, पण या दोघांनी ती निभावली.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. नोव्हेंबर २०१०, ग्वांगझू, आशियाई क्रीडा स्पर्धेची अंतिम लढत. इथे तुम्ही भारतीय प्रेक्षकांत आहात आणि खुशीत आहात, कारण सोमदेव देववर्मनने इस्तोमिनला ६-१, ६-२ असं सहज हरवलंय. पुरुष एकेरीतलं भारताचं हे पहिलं आशियाई सुवर्ण. रौप्यपदक गळ्यात घालून उभ्या असलेल्या उंच, चष्मेवाल्या माणसाकडे एकदा नीट बघून ठेवा. २०१२ मध्ये तो विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत जातो आणि ऑगस्टमध्ये जागतिक क्रमवारीत ३३ वा होतो. यापेक्षा वर तो कधी गेला नाही. २०१३ मध्ये अमेरिकन ओपनची चौथी फेरी. २०१५ मध्ये नॉटिंगहॅमच्या हिरवळीवर सॅम क्वेरीला हरवून पहिलं एटीपी विजेतेपद, अठ्ठावीस वर्षं पुरी झाल्यावर.

मग उतार लागतो. २०१६ संपत आलंय आणि तुम्ही दक्षिण चीनमधल्या झुहाईत आहात. आता तो ११७ वा आहे. या आकड्याचा अर्थ सांगायला हवा. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांतले १०४ क्रमवारीच्या जोरावर थेट येतात, १६ पात्रता फेऱ्या खेळून येतात, आणि उरलेल्या आठ जागा वाइल्ड कार्डच्या. म्हणजे ११७ वा माणूस दाराशीच अडला. ऑस्ट्रेलियन ओपनचं एक वाइल्ड कार्ड आशिया-पॅसिफिकसाठी राखलेलं असतं, आणि ते मिळवण्यासाठी झुहाईत स्पर्धा भरली आहे. ग्रँड स्लॅमच्या चौथ्या फेऱ्या खेळलेल्या माणसाने तिशी उलटल्यावर एका जागेसाठी नवख्या पोरांशी झुंजायचं, हे सोपं नाही.

उपांत्य फेरीत समोर चेन्नईचा डावखुरा प्रज्ञेश गुणेश्वरन आहे, क्रमवारीत कितीतरी खाली. त्याचीही कथा दुखापतीचीच. गुडघ्यांनी त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. म्हणून इथे कोणाच्या बाजूने बसावं, हा तुमचाही प्रश्न आहे. प्रज्ञेशला मॅच पॉइंट मिळतो. इस्तोमिन टॉवेलने तोंड पुसतो, चष्मा नीट बसवतो, बेसलाइनवर येतो. आणि तो पॉइंट वाचतो. मग दुसरा, तिसरा, चौथा. यांतला एक जरी निसटला असता, तर पुढचं काहीही घडलं नसतं. तो सामना इस्तोमिन जिंकतो, अंतिम सामनाही जिंकतो आणि मेलबर्नचं वाइल्ड कार्ड घेऊन झुहाईहून निघतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याला किती ओळी मिळाल्या असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

१९ जानेवारी २०१७. मेलबर्नची रॉड लेव्हर अरिना, निळं कोर्ट, दुसरी फेरी. पलीकडे नोव्हाक जोकोविच: गतविजेता, सहा वेळचा ऑस्ट्रेलियन चॅम्पियन, जगात दुसरा. याआधीच्या पाचही लढती त्यानेच जिंकल्या आहेत. तुम्हाला खेळाडूंच्या माणसांसाठीच्या राखीव जागेत बसवलंय, क्लावदियाच्या जवळ. कोर्टवर तिचा मुलगा भडक फ्रेमचा चष्मा लावून सर्व्हिसची तयारी करतोय.

पहिला सेटच सव्वा तासाहून जास्त चालतो. टायब्रेकर ८-८ ला पोचतो, आणि १०-८ ने इस्तोमिन सेट घेतो. तुम्ही उठून टाळ्या वाजवता, पण शेजारचे जाणकार स्वस्थ बसलेत. जोकोविचने एखादा सेट गमावणं त्यांना नवं नाही. त्यांचं खरं होताना दिसतं. दुसरा सेट ५-७, तिसरा २-६. पाय आता नीट बघा. पोटऱ्यांत गोळे यायला लागलेत. प्रत्येक पॉइंटनंतर तो अर्धं पाऊल उशिरा वळतोय. असे सामने आपण शेकडो पाहिलेत: सामान्य खेळाडू दोन तास झुंजतो, मग शरीर साथ सोडतं आणि मोठा खेळाडू न घाई करता काम संपवतो.

इथे तसं होत नाही. चौथ्या सेटमध्ये तो सर्व्हिस राखत राहतो. पायांना पळवायचं नाही म्हणून चेंडू लवकर घेतो, बॅकहँड सरळ रेषेत मारतो, रॅली आटोपत्या घेतो. टायब्रेकर ७-५. पाचव्या सेटमध्ये, हे सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो, थकलेला दिसू लागतो तो जोकोविच. त्याची सर्व्हिस भेदली जाते. ६-४. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. २००८ च्या विम्बल्डननंतर जोकोविच एखाद्या ग्रँड स्लॅममधून इतक्या लवकर बाहेर पडला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत तुम्ही जाऊन आला आहात, म्हणून या घटकेला तुम्ही कोर्टकडे न बघता क्लावदियाकडे बघितलंत तर चालेल.

लगेच उठू नका, कारण अशा विजयानंतर पुढच्या फेरीत सपाट पडणारेच पुष्कळ. इस्तोमिन तिसऱ्या फेरीत पाब्लो कारेन्यो बुस्तालाही पाच सेटमध्ये हरवतो. चौथ्या फेरीत ग्रिगोर दिमित्रोवसमोर पहिला सेट घेतो, आणि मग पाय खरोखरच संपतात. ऑस्ट्रेलियात याच्या पलीकडे तो कधी गेला नाही. त्याच वर्षी चेंगडूत त्याने दुसरं एटीपी विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात मार्कोस बगदातिसने पाठीच्या दुखण्यामुळे माघार घेतली.

आता शेवटचा मुक्काम: ऑगस्ट २०१८, इंडोनेशियातलं पालेमबांग. पुन्हा आशियाई स्पर्धा आणि कपडे अंगाला चिकटवणारा दमटपणा. उपांत्य फेरीत प्रज्ञेशच समोर येतो आणि या वेळी मॅच पॉइंटपर्यंत गोष्ट जात नाही. इस्तोमिन ६-२, ६-२ ने जिंकतो. प्रज्ञेशला कांस्य मिळतं. (पुढच्या वर्षी तो पहिल्या शंभरात जाईल, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.) अंतिम फेरीत चीनचा वू यिबिंग आहे, अठरा वर्षांचा, आदल्या वर्षीचा अमेरिकन ओपनचा ज्युनियर विजेता. इस्तोमिनला बत्तिसावं लागायला दोनेक आठवडे आहेत. पहिला सेट २-६ असा जातो. दुसरा तो ६-२ ने परत घेतो. तिसरा सेट टायब्रेकरवर येतो आणि ग्वांगझूत रौप्य घेऊन परतलेला माणूस तो ७-२ असा जिंकून आशियाचा विजेता होतो.