टिळकांची तयारी

परवा 'स्मृतिचित्रे' पुन्हा चाळत होतो. लहानपणी त्यातले किस्से वाचून पोट धरून हसलो होतो. यावेळी मात्र एका साध्या प्रश्नाशी अडलो. ना. वा. टिळक 'रेव्हरंड' झाले कसे?

आपल्या डोळ्यांसमोर ठरलेलं चित्र असतं. आधी सेमिनरी, मग बायबलचा अभ्यास, परीक्षा आणि शेवटी पाळकाची दीक्षा. टिळकांचं तसं नव्हतं. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं ते सोडलंच नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. मग नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, पाळक होऊ पाहणाऱ्या तरुणांना शिकवणं. दीक्षा मात्र १९०४ साली. म्हणजे मधे नऊ वर्षं!

या काळात ते काय शिकले असतील? पोथ्यांची त्यांना वाण नव्हती. संस्कृत होतं, कविता होती. मला वाटतं, खरा अवघड पेपर घरातच होता.

लक्ष्मीबाई बाप्तिस्म्याला सोबत नव्हत्या. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नगरला आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. जात देवाने केली की माणसांनी, याचा विचार करत करत एक दिवस त्यांनी स्वतःच ते सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. लोकांना उपदेश करणाऱ्या माणसाला घरात मात्र वाट पाहावी लागली. वाट पाहणं हा धर्मशास्त्रातला मोठाच धडा असणार.

पण टिळकांना एकदम संत करून टाकायला मन धजत नाही. शोध त्यांचा होता, त्याची किंमत मात्र बाईंनी आधी मोजली. नवरा हयात असून एकटीने दिवस काढले, लोकांचं बोलणं ऐकलं. आणि हे सगळं त्यांनी लिहिलं ते कुठेही आदळआपट न करता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, 'देवाचा दरबार' सुरू केला. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईंनी!

तेव्हा त्या घरात नेमकी कोणाची तयारी चालली होती, कोण जाणे.