वृद्ध कुत्र्याचे यकृत : औषधाइतकेच ताटाचे पथ्य

दहा-बारा वर्षांचा कुत्रा जेवणाकडे पाठ फिरवू लागला, दिवसभर पडून राहू लागला, की 'आता वय झाले' असे म्हणून घरची माणसे स्वतःची समजूत घालतात. प्रत्यक्षात अनेकदा हे म्हातारपण नसते, तर यकृताचा आजार असतो. यकृताची राखीव क्षमता फार मोठी असल्याने त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग निकामी होईपर्यंत बाहेरून ठळक खूण दिसत नाही. मात्र पुन्हा भरून येण्याची विलक्षण शक्तीही याच अवयवात आहे. त्यामुळे आजार लवकर ओळखणे आणि दुखावलेल्या यकृतावर नवा भार न टाकणे, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. यातील दुसरी गोष्ट बहुतांशी घरच्यांच्याच हाती असते.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या गावात तर हे अधिकच खरे ठरते. सोनोग्राफी आणि रक्ताच्या सर्व तपासण्या गावात होण्यासारख्या नसतात. त्यासाठी शहर गाठावे लागते. तोवर कुत्र्याची भिस्त असते ती स्वयंपाकघरावर.

लक्षणे कोणती?

सुरुवातीची लक्षणे मोघम असतात. भूक मंदावणे, वजन घटणे, अधूनमधून उलटी, वाढलेली तहान आणि वारंवार लघवी यांकडे सहज दुर्लक्ष होते. पुढे हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागते. लघवी गडद होते. पोटात पाणी साठून जलोदर होतो. तेव्हा पाठीचा कणा हाताला लागतो आणि पोट मात्र फुगलेले दिसते. 'कुत्रा लठ्ठ झाला' असा गैरसमज येथेच होतो.

सर्वांत फसवे लक्षण मेंदूचे असते. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने निष्प्रभ केला नाही, तर तो रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. मग कुत्रा गोल गोल फिरतो, भिंतीला डोके टेकवून उभा राहतो, लाळ गाळतो, ओळखीच्या माणसालाही ओळखत नाही. जेवणानंतर हा त्रास वाढत असेल, तर यकृताचा संशय बळावतो.

वऱ्हाडातील घरगुती धोके

खरिपाची ज्वारी किंवा मका कणसात असताना पाऊस झाला, की दाणे काळे पडतात आणि त्यांवर बुरशी येते. असे धान्य माणसांच्या ताटातून वगळले जाते, पण त्याची भाकर कुत्र्याच्या वाट्याला येऊ शकते. बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते यकृतावरच घाव घालते आणि भाजल्या-शिजवल्याने पुरते नष्ट होत नाही. १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या जिल्ह्यांत बुरशीचा मका खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. त्याच घरांत तेच अन्न खाणाऱ्या कुत्र्यांनाही कावीळ आणि जलोदर होऊन मृत्यू आला होता. बुरशीचे धान्य, खवट शेंगदाणे आणि ओल लागलेले तयार खाद्य कुत्र्यापासून दूर ठेवण्यास एवढा दाखला पुरेसा आहे.

कापसाच्या या पट्ट्यात घरोघरी दिसणारी सरकीची ढेप हाही एक धोका आहे. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य रवंथ करणारी मोठी जनावरे बऱ्याच अंशी सहन करतात, कुत्र्याला मात्र ते बाधते. गुरांच्या गव्हाणीत तोंड घालण्याची सवय कुत्र्याला लागू देऊ नये.

तिसरा धोका औषधाच्या डब्यातला. ताप दिसला की माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देण्याची चूक सर्रास होते. कुत्र्याच्या यकृताला ती घातक ठरू शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी जठरात रक्तस्राव होतो व मूत्रपिंडेही बिघडतात. काविळीसाठी दिला जाणारा झाडपाला कुत्र्याला द्यायचा, तर कोणती वनस्पती किती प्रमाणात सोसेल, याचा भरवसा नसतो. आधीच थकलेल्या यकृतावर हा प्रयोग करू नये.

निदान

जंतुसंसर्ग, गोचिडांमुळे होणारे आजार, पित्तमार्गातील अडथळा, गाठी आणि दीर्घकालीन दाह अशी यकृतविकाराची अनेक कारणे आहेत. लॅब्राडोर, डॉबरमन, डाल्मेशियन या जातींत यकृतात तांबे साठून दाह होण्याची प्रवृत्ती आढळते. रक्तातील विकरे वाढलेली दिसली, म्हणून यकृत निकामी झाले असे नव्हे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी किंवा ग्रंथींच्या विकारानेही ती वाढतात. वृद्ध कुत्र्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठीही आढळतात. म्हणून बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जेवणापूर्वीची व नंतरची पित्ताम्ले आणि सोनोग्राफी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. निश्चित निदानासाठी कधी यकृताचा तुकडा तपासावा लागतो.

हिवरखेड परिसरातील पशुपालकांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था हे जवळचे मोठे केंद्र आहे. ही संस्था २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. जाताना आधी दिलेल्या सर्व औषधांची यादी आणि लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे.

आहार कसा असावा?

'यकृताचा आजार म्हणजे प्रथिने बंद' हा समज जुना आणि घातक आहे. प्रथिने तोडली, की शरीर स्वतःचेच स्नायू झिजवते. स्नायूही थोडाफार अमोनिया निष्प्रभ करीत असल्याने कुत्र्याची अवस्था आणखी बिघडते. मेंदूची लक्षणे असतील तेव्हाच, तीही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, प्रथिने मर्यादित करावीत. अशा वेळी मांसापेक्षा अंडी, ताजे पनीर, दही आणि शिजवलेली डाळ यांतील प्रथिने बरी सोसतात.

मऊ भात, उकडलेले अंडे, थोडे पनीर आणि शिजवलेला भोपळा हे घरी सहज जमणारे जेवण आहे. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून चार ते सहा वेळा थोडे थोडे द्यावे. उपाशी ठेवू नये, कारण आजारी यकृताला रक्तातील साखर सावरता येत नाही. जलोदर असल्यास मीठ कमी करावे. पापड, फरसाण, खारी बिस्किटे बंद करावीत. अशक्तपणा आला म्हणून कलेजी खाऊ घालण्याची पद्धत आहे. तीत तांबे भरपूर असते, त्यामुळे या रुग्णाला ती वर्ज्य समजावी. कांदा, लसूण, मनुका आणि झायलिटॉल असलेली साखरविरहित गोड पदार्थ व च्युइंगगम कोणत्याही कुत्र्याला देऊ नयेत.

औषधे आणि रोजची देखभाल

पित्त वाहते ठेवणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, यकृताच्या पेशींना आधार देणारी सिलिमारिन व एस-अॅडेनोसिल मेथिओनिन, जलोदरासाठी स्पायरोनोलॅक्टोन आणि अमोनिया कमी करणारे लॅक्ट्युलोज ही नेहमीची औषधे आहेत. कोणते, किती आणि कधी, हे कुत्र्याचे वजन व आजाराचे कारण पाहून पशुवैद्यकच ठरवतो. बद्धकोष्ठतेने अमोनिया वाढतो, म्हणून शौचाकडे रोज लक्ष ठेवावे.

आठवड्यातून एकदा वजन करावे, टेपने पोटाचा घेर मोजावा आणि दोन्हींची नोंद वहीत ठेवावी. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जातो. उष्माघाताने यकृताला थेट इजा होते. कुत्र्याला सावलीत, गार फरशीवर ठेवावे, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे आणि फिरायला सूर्योदयापूर्वीच न्यावे.

माणसाला लागण होते का?

कुत्र्यांचा विषाणूजन्य यकृतदाह माणसाला होत नाही. लेप्टोस्पायरोसिस मात्र कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो आणि पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो. कारण निश्चित होईपर्यंत लघवी साफ करताना हातमोजे वापरावेत, लहान मुलांना दूर ठेवावे. या दोन्ही आजारांवर कुत्र्यांसाठी लस उपलब्ध असून लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी द्यावी लागते.

थांबायचे कधी?

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, झटके, बेशुद्धी किंवा चोवीस तास अन्न न घेणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

काही आजार बरे होतात, काही केवळ आटोक्यात राहतात. पोटातील पाणी वारंवार काढावे लागत असेल, कुत्रा माणसे ओळखत नसेल आणि चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस अधिक होऊ लागले असतील, तर वेदनारहित मृत्यूचा विचार पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलावा. वहीतील नोंदी या निर्णयातही उपयोगी पडतात. भूक, चाल, ओळख आणि झोप या चार गोष्टी रोज लिहिल्या, तर कुत्र्याला खरोखर काय सोसावे लागते आहे, ते घरातील सर्वांना एकसारखे दिसते.