दातिवऱ्याचा किनारा व शिशाची गोळी

वैतरणा नदी समुद्रास मिळते तेथें, उत्तर तीरावर, दातिवरे हें गांव आहे. मुखाशीं बेटावर अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. इ. स. १७३७ पासून १७३९ पर्यंत चाललेल्या वसईच्या मोहिमेंत हा सारा किनारा पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. तोफा, सुरुंग आणि शिड्या यांचीं वर्णनें इतिहासांत भरपूर येतात. परंतु ज्या लहानशा वस्तूनें उभयपक्षीं अनेक माणसें पडलीं, त्या शिशाच्या गोळीचा विचार क्वचितच होतो. जानेवारी १७३९ मध्यें तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर हे बाजीराव व चिमाजी आप्पा यांच्या प्रीतींतले सरदार अशाच गोळीनें पडले.

पुष्कळांची समजूत अशी कीं, गोळी जितकी कठीण तितकी अधिक घातक. वस्तुस्थिति निराळी आहे. शिसें जड आणि मऊ. ३२७ अंश उष्णतेवर तें वितळतें, म्हणून छावणींतील साध्या चुलीवरही सांच्यांत गोळ्या ओतितां येत. तोड्याच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे व गोळी तींत सैल बसे. त्यामुळें मऊपणा तेथें आड येत नसे. उलट, शरीरांत शिरतांच मऊ गोळी चपटी होई आणि जखम रुंदावे.

कठीणपणाचा खरा प्रश्न नळींत पेचदार खांचा आल्यावर उपस्थित झाला. १८४९ त फ्रान्समध्यें मिनिये यानें पोकळ बुडाची गोळी काढिली. दारूच्या दाबानें तिचें बूड फुगून खांचांत घट्ट बसे. हें मऊ शिशालाच साधतें. पुढें धूररहित दारू आली, वेग व दाब वाढले, आणि मऊ शिसें खांचांत खरडलें जाऊं लागलें. तेव्हां त्यांत कथील व अँटिमनी मिसळणें किंवा वर तांब्याचें कवच चढविणें भाग पडलें. तथापि अति कठीण गोळी हाही दोषच. अल्प दाबानें ती फुगत नाहीं, तप्त वायु कडेनें निसटतो, तिचें बूड वितळवितो व नळींत शिसें चिकटतें. सारांश, दाब पाहून कठीणपणा ठरवावा. ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानें १९०० त काढिलेल्या मापानें शुद्ध शिसें सुमारें ५, तर छापखान्यांतील लायनोटाइपची धातु सुमारें २२ भरते.

मऊपणाचें क्रौर्य जगानेंही ओळखिलें. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यावरून नांव पडलेली, शरीरांत पसरणारी गोळी हेग येथील १८९९ च्या परिषदेच्या घोषणेनें युद्धांत निषिद्ध ठरली. तारापुरच्या तटाखालीं पडलेल्या वीरांच्या काळीं असा निर्बंध नव्हता. वसईच्या जयाचा अभिमान बाळगतांना, त्या मऊ धातूनें उभयपक्षींच्या घरांतून काय हिरावून नेलें, याचाही हिशेब इतिहासाच्या वाचकानें मनांत ठेवावा.