काळा फुलकिडा दिसला म्हणजे फवारणी करायचीच का? बुरशी खाणारे थ्रिप्स कसे ओळखायचे?

समजा, आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या लोणीत कुणीतरी बांधावरची बाभळीची वाळकी फांदी उचलली आणि पांढऱ्या कागदावर झटकली. कागदावर दोन-तीन मिलिमीटरचे, काळेकुळकुळीत, सडपातळ किडे पडले. चालताना ते शेपटीचे टोक विंचवासारखे वर उचलतात. फोटो काढून ग्रुपवर टाकला की पाच मिनिटांत उत्तर येते, "काळा थ्रिप्स आलाय, कांदा-मिरचीवर लगेच फवारा मारा."

ही भीती उगाच नाही. 'थ्रिप्स पार्व्हिस्पायनस' नावाच्या परदेशी फुलकिड्याची भारतातली पहिली नोंद २०१५ मध्ये बंगळूरला पपईवर झाली आणि २०२१ च्या अखेरीस त्याने आंध्र प्रदेश, तेलंगणातल्या मिरचीचे मोठे नुकसान केले. त्याची मादी गडद तपकिरी, जवळजवळ काळी दिसते. पण फांदीवरून पडलेला किडा तो नसण्याचीच शक्यता जास्त. वाळक्या फांदीवर राहणारे बहुतेक थ्रिप्स पिकाकडे फिरकतही नाहीत. ते बुरशी खातात.

आधी शब्दाबद्दल थोडेसे. 'थ्रिप्स' हे अनेकवचन नाही. किडा एक असो वा हजार, शब्द 'थ्रिप्स'च; 'एक थ्रिप दिसला' हे चूक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लाकडातला किडा असा होतो, म्हणजे वाळक्या फांदीवरच्या मंडळींना हे नाव जास्त शोभते. मराठीत मात्र 'फुलकिडे' रुळले आणि त्यामुळे सगळेच फुला-पानांवर जगतात असा समज झाला. जगभरात थ्रिप्सच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत, भारतात सातशेहून अधिक. यातल्या जवळपास निम्म्या जातींचा संबंध बुरशीशी आहे.

पहिली नजर शेपटीकडे

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग किंवा मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स असेल तर पहिली पायरी घरीच पार पडते. किड्याच्या पोटाचे शेवटचे टोक बघा. ते बारीक नळीसारखे, पेनाच्या रिफिलच्या टोकासारखे निमुळते लांबलेले असेल, तर तो ट्युब्युलिफेरा या गटातला. या गटात एकच मोठे कुळ आहे, फ्लिओथ्रिपिडी, आणि बुरशी खाणारे बहुतेक थ्रिप्स याच कुळातले.

टोक नळीसारखे नसून शंकूसारखे असेल, तर तो दुसऱ्या गटातला, टेरेब्रँशिया. या गटातल्या मादीला करवतीसारखे अंडी घालायचे अवयव असते आणि ती पानाच्या आत अंडी खुपसते. कांद्यावरचा नेहमीचा 'थ्रिप्स टॅबॅसी' आणि मिरचीवरचा तो काळा पाहुणा, दोघेही याच गटातले. नळीवाल्या मादीला करवत नसते, ती अंडी पृष्ठभागावर ठेवून देते. म्हणून रंगावरून निर्णय घेऊ नका, शेपटीवरून घ्या.

पंखही मदत करतात. दोन्ही गटांच्या पंखांना कडेने झालर असते. पण बसलेल्या नळीवाल्या किड्याचे पंख पाठीवर एकावर एक चढलेले असतात आणि त्यांत शिरा नसतात. दुसऱ्या गटाचे पंख शेजारी-शेजारी समांतर पडतात. पंख नसतील तरी गोंधळू नका. बुरशीवर जगणाऱ्या कित्येक जातींत पंखवाले आणि बिनपंखी असे दोन्ही प्रकार एकाच जातीत सापडतात.

इथे एक सावधगिरी हवी. नळी दिसली म्हणजे किडा निरुपद्रवीच, असे नाही. मिरीच्या पानांच्या कडा गुंडाळणारा 'लिओथ्रिप्स कार्नी' नळीवालाच. कुंडीतल्या फायकसची पाने दुमडून आत राहणारेही नळीवाले. काही नळीवाले तर इतर बारीक किडे खाऊन आपल्याला मदतच करतात. त्यामुळे किडा कुठे सापडला हे रंगापेक्षा महत्त्वाचे आहे. वाळकी फांदी, झाडावरच लटकून राहिलेली सुकी पाने, बांबूचे कुजके तुकडे, कुजणारे पाचट अशा ठिकाणी नळीवाला काळा थ्रिप्स मिळाला, तर तो बुरशीखाऊ असण्याची शक्यता बरीच वाढते.

खरा पुरावा तोंडात आणि पोटात

थ्रिप्सचे तोंड मोठे चमत्कारिक असते. जबड्याचा फक्त डावा काटा वाढतो, उजवा जवळपास नसतोच. डाव्या काट्याने भोक पाडायचे आणि दोन लांब सुयांच्या जोडीने आतले शोषायचे, अशी ही रचना. या सुयांची जाडी बघून किडा काय खातो ते बऱ्याच अंशी सांगता येते.

फ्लिओथ्रिपिडी कुळाची दोन उपकुळे आहेत. इडोलोथ्रिपिनीमध्ये या सुया रुंद, साधारण पाच ते दहा मायक्रॉनच्या असतात. एवढ्या रुंद नळीतून बुरशीचे बीजाणू अख्खेच्या अख्खे गिळता येतात. दुसऱ्या, फ्लिओथ्रिपिनी उपकुळात सुया दोन-तीन मायक्रॉनच्याच. त्यांतले बुरशीखाऊ बीजाणू गिळत नाहीत, बुरशीच्या तंतूंतला रस ओढतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे मोबाईलवर दिसणार नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. काचपट्टी नीट तयार केली, तर बीजाणू खाणाऱ्या किड्याच्या पोटातले गिळलेले बीजाणू दिसतात. याहून भक्कम पुरावा कुठला?

जात ओळखण्यासाठी किडा आधी सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पारदर्शक करतात आणि मग काचपट्टीवर बसवतात. मिशांचे भाग किती, तिसऱ्या-चौथ्या भागावर संवेदी शंकू किती, डोके रुंदीपेक्षा लांब आहे का, डोळ्यांमागचे केस टोकदार की बोथट, पुढच्या पायाच्या टोकाला दात आहे का, नळी डोक्याच्या तुलनेत केवढी, अशी मापे जुळवत जावे लागते.

इथेच नवखे फसतात. कित्येक जातींत नर दोन तऱ्हांचे असतात. धिप्पाड नराचे पुढचे पाय पहिलवानासारखे जाड, त्यावर मोठा दात. त्याच जातीचा लहान नर मात्र मादीसारखा दिसतो. एका फांदीवर दोन वेगळ्या जाती सापडल्या असे वाटते आणि असतात ते सख्खे भाऊ. म्हणून एकच किडा नेऊ नका. नर, माद्या, पिल्ले असा पूर्ण संच अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीवर झाडाचे नाव, गाव, तारीख लिहा. कागदाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीतच टाकली तर उत्तम, कारण शाई विरघळते.

भारतात या किड्यांचा पाया टी. एन. अनंतकृष्णन यांनी घातला. चेन्नईच्या लोयोला कॉलेजात आणि पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक म्हणून त्यांनी यावर प्रदीर्घ काम केले. आज नमुना ओळखून हवा असेल, तर आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे, लोणीकरांसाठी ते नारायणगावला आहे. तिथे जमले नाही तर बंगळूरची 'एनबीएआयआर' ही संस्था अशा कीटकांवर काम करते.

आणि कांद्याचे काय? कांद्यावरचे फुलकिडे पातीच्या बेचक्यात, मधल्या कोवळ्या पानांच्या सांध्यात लपतात. तिथे फिकट पिवळे ते तपकिरी, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे किडे आणि पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तरच ते पिकाचे दुखणे. बांधावरच्या बाभळीवरच्या काळ्या किड्यांसाठी पंप भरण्याआधी कांद्याची चार-पाच रोपे उपटून मधले पान उघडून बघा.