मुंबई ते दिल्ली, नागपूरमार्गे

दोन गावांमधले अंतर विचारले की आज आपण किलोमीटर सांगतो. आपल्याकडचा जुना माणूस मात्र ‘सकाळी निघालात तर दिवेलागणीला पोचाल’, असे सांगे. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. आमचा भूगोल रेल्वेच्या वेळापत्रकांतून आणि कामगारांच्या पाळ्यांतून झाला. आम्हांला त्या जुन्या माणसाचे उत्तर अधिक खरे वाटते. ते कसे, हे टपालाच्या इतिहासातील एका उदाहरणाने सांगतो.

मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. १९४९ सालच्या जानेवारीत आपल्या देशात रात्रीची विमान-टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहरी परत फिरत.

आता हिशेब करू. मुंबई-नागपूर सुमारे ६८० किलोमीटर, नागपूर-दिल्ली सुमारे ८५०, एकूण १५३०. म्हणजे पत्राला जवळजवळ चारशे किलोमीटरचा वळसा! त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सरळ वाटेने चार तास, तर वळशाने पाचांहून अधिक. शिवाय नागपूरचा मुक्काम वेगळा. तरीही संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत पोचे.

मग हा वळसा कशासाठी? चार शहरे एकमेकांशी सरळ जोडायची तर सहा वाटा लागतात. मध्ये नागपूरला गाठ मारली की चार वाटांत काम भागते. देशाच्या मध्यावर वसलेल्या आपल्या मराठी नगरीने ती गाठ सांभाळली. वेळ वाचला तो केवळ यंत्राच्या वेगाने नव्हे, तर रात्रीचा उपयोग केल्याने आणि कामाच्या नीट आखणीने.

परंतु त्या रात्री जागत कोण होते? विमानाचा उड्डाणकाळ मोजतात तो ते उड्डाणासाठी जागचे हलल्यापासून उतरून थांबेपर्यंत. थैल्या उतरवणारे, पत्रे निवडणारे, पहाटे सायकलवर टांग टाकणारे पोस्टमन यांचे तास त्या आकड्यात बसत नाहीत. त्यांच्यावाचून मात्र पत्र दारापर्यंत पोचत नाही.

आज पुण्याहून विमान दोन-सव्वादोन तासांत दिल्लीला जाते. तळेगाव ढमढेरे येथून निघालेल्या माणसाला मात्र लोहगावची वाट, तिथली रांग आणि दिल्लीतला रस्ता धरून घरापासून घरापर्यंत अर्धा दिवस सहज लागतो.

एका कारखान्याच्या बोलण्यांत आम्ही हाच प्रश्न मांडला होता. कामगार पहाटे चारला उठून बस गाठीत. पाळी आठ तासांची, पण घराबाहेरचा काळ बारा तासांचा. समोरून उत्तर आले, ‘रस्त्याचा वेळ आमच्या हिशेबात नाही.’ ती मागणी त्या वेळी पदरात पडली नाही. पण कामगाराच्या आयुष्यातून ते चार तास रोज वजा होतच राहिले.

म्हणून यापुढे कुणी ‘दोन तासांत दिल्ली’ म्हणाले, तर आनंद जरूर मानावा. आणि त्या दोन तासांसाठी कुणाकुणाचे किती तास लागले, हेही एकदा विचारावे.